वाकड्या जबड्याचा कुत्रा आणि पिसाळल्याचा संशय

बैलाचे दात पाहिल्यावाचून इसार न देणारा शेतकरी घरच्या कुत्र्याचे तोंड जन्मात एकदाही उघडून पाहत नाही. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला या शब्दांचा नेमका अर्थ मराठवाड्यातील शाळकरी पोरालाही ठाऊक असतो, कारण त्या शब्दांवर जनावराचे वय आणि वयावर त्याची किंमत ठरते. कुत्र्याला किंमत नाही. म्हणून त्याच्या दातांनाही शब्द नाहीत. खालचा जबडा पुढे आलेला, वरच्या ओठातून सुळा बाहेर डोकावणारा, जीभ एका बाजूला लोंबणारा असा एखादा कुत्रा कोणाच्या ओसरीवर दिसला, तर त्याच्याविषयी दोनच प्रतिक्रिया संभवतात. जाणारे-येणारे एक तर हसतात, नाही तर दगड उचलतात. या दोन्ही प्रतिक्रिया अज्ञानातून येतात. पण पहिलीने कुत्र्याचा केवळ उपहास होतो, दुसरीने त्याचा जीव जातो.

कनेरगाव नाका हे हिंगोली जिल्ह्याच्या अगदी काठावरचे गाव. अलीकडे मराठवाडा, पलीकडे वाशीम जिल्हा, म्हणजे जुने वऱ्हाड. निजामी राज्य आणि इंग्रजी अमलाखालील वऱ्हाड यांच्या सरहद्दीवर करोडगिरीसाठी माल अडवला जाई, त्या काळाची खूण गावाच्या नावात अजून शिल्लक आहे. आता कोणी कोणास अडवीत नाही. अकोल्याहून नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरून वाहने रात्रंदिवस धावत असतात. जेथे वाहने थांबतात तेथे चहाच्या टपऱ्या आणि खाणावळी उभ्या राहतात, आणि जेथे खाणावळी असतात तेथे कुत्री असतात. अशा नाक्याच्या गावात घरचा कुत्रा आणि रस्त्यावरचा कुत्रा यांच्यातील रेषा फार पुसट असते. सकाळी एका दारी भाकरी खाणारा कुत्रा दुपारी रस्त्यावर, आणि रात्री तिसऱ्याच अंगणात राखणीला. त्यामुळे एखाद्या घराने वाकड्या जबड्याचे पिलू जीव लावून वाढवले, तरी त्याची गाठ घराबाहेरच्या साऱ्या गावाशी पडते. घरातल्यांना त्याचे तोंड सवयीचे झालेले असते. परक्याला ते भयंकर वाटते.

हा वाकडेपणा म्हणजे नेमके काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला 42 दात असतात; माणसापेक्षा दहा अधिक. पिलाचे 28 दुधाचे दात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून दिसू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ते पडून त्यांच्या जागी कायमचे दात येतात. निरोगी तोंडात वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे, कात्रीच्या पात्यांप्रमाणे बसतात. खालचा सुळा वरच्या सुळ्याच्या पुढील मोकळ्या जागेत अलगद शिरतो, आणि मागच्या उपदाढा करवतीच्या दात्यांसारख्या एकमेकींच्या फटीत येतात. ही रचना बिघडते ती अनेक प्रकारांनी. कधी जबडे योग्य लांबीचे असतात, पण एखादाच दात भलत्या दिशेला वळतो. कधी खालचा जबडा आखूड राहतो, तर कधी तोच वरच्यापेक्षा लांब होतो. क्वचित एका बाजूची वाढ दुसरीहून कमी होऊन सारे तोंडच तिरपे होते. याची कारणे पुष्कळदा आनुवंशिक असतात. पण सर्वदा नव्हे. दुधाचा सुळा वेळेवर पडला नाही, तर कायमचा सुळा त्याच्या शेजारून वाट काढतो आणि आडवा येतो. लहानपणी झालेल्या मारानेही जबड्याची वाढ खुंटते. महामार्गाकाठच्या गावात तर तिसरे कारण रोज डोळ्यांसमोर असते. वाहनाची धडक बसून जबड्याचे हाड मोडते, त्यावर उपचार होत नाहीत, आणि निसर्ग ते हाड त्याला जमेल तसे, म्हणजे वाकडे, सांधून टाकतो. पिलू जगते. लोक म्हणतात, चिवट जात आहे.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण मराठी माणसाच्या जिभेवर आहे. शेपटीच्या बाबतीत ती खरी असेल. जबड्याच्या बाबतीत ती सर्वस्वी खरी नाही. पुष्कळ वाकडे जबडे सरळ करण्याची गरजच नसते. खालचा जबडा थोडा पुढे आलेला कुत्रा दिसायला उग्र दिसतो, पण बहुधा त्याला वेदना नसतात. तो खातो, पितो, भुंकतो, आणि आरशात पाहण्याची सवय नसल्यामुळे सुखी असतो. प्रश्न येतो तो एखादा दात दुसऱ्या दातावर, हिरडीवर किंवा टाळूवर आपटू लागतो तेव्हा. आखूड जबड्यातील खालचे सुळे तोंड मिटताच टाळूत रुततात. प्रत्येक घासागणिक तीच जखम पुन्हा होते. दुर्लक्ष झाल्यास टाळूला छिद्र पडून तोंड आणि नाक यांची वाट एक होते. अन्नाचे कण नाकात जातात, कुत्रा सारखा शिंकतो, एका नाकपुडीतून घाण वाहते. याला मालक सर्दी म्हणतो.

वास्तविक ही वेळ येऊ न देणे मुळीच अवघड नाही. आठ ते बारा आठवड्यांच्या पिलाचे तोंड उघडून पाहिले आणि खालचा दुधाचा सुळा टाळूत रुतत आहे असे दिसले, तर तो जाणत्या पशुवैद्याकडून वेळीच काढून घेता येतो. त्यामुळे दुखणे तर थांबतेच. शिवाय दात अडकून राहिल्यामुळे खुंटलेल्या जबड्याला वाढीची संधी मिळते. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत सुळ्याची उंची कमी करून आतील मज्जा औषधाने झाकणे, अथवा दात काढून टाकणे हे मार्ग आहेत. मोठ्या शहरांत तारा आणि पट्ट्या लावून दात वळवण्याचीही सोय काही ठिकाणी आहे. परंतु या साऱ्यांचा हेतू एकच असला पाहिजे, की कुत्र्याला तोंड मिटताना दुखू नये. ते सुंदर दिसावे हा माणसाचा हव्यास झाला.

उपचारापेक्षा मोठा भाग असतो रोजच्या सहवासाचा, आणि तेथे घरच्या बाईमाणसांचे शहाणपण पुस्तकी ज्ञानाच्या पुढे जाते. ज्वारीची कडक भाकरी असा कुत्रा तोंडात धरतो, पण तिचा तुकडा मोडू शकत नाही. अर्धी खाली पडते, कोंबड्या ती पळवतात, आणि कुत्रा उपाशी राहून खादाड म्हणून शिव्या खातो. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण येथे अक्षरशः खरी होते. तीच भाकरी कोमट पाण्यात किंवा वरणाच्या पातळ निवळीत कुस्करून खोल भांड्याऐवजी पसरट ताटलीत दिली, तर तो सावकाश पण पोटभर खातो. कांद्याच्या रश्शात मात्र ती कुस्करू नये. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपायकारक आहेत, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. शिजवलेली हाडे निरोगी कुत्र्यालाही घातक, कारण त्यांचे टोकदार तुकडे होतात; वाकड्या तोंडाच्या कुत्र्याला ती देऊच नयेत. दात एकमेकांवर नीट घासले जात नसल्याने त्यांवर कीट लवकर साठते, म्हणून ओल्या मऊ फडक्याने दात पुसण्याची सवय पिलाला लहानपणीच लावावी लागते. माणसाची दंतमंजने त्याच्या तोंडाला लावू नयेत; कुत्र्याला चूळ भरता येत नाही. लाळेने हनुवटीखालची कातडी ओली राहून चिघळते, ती कोरडी करावी. एकाच बाजूने चावणे, घास टाकून देणे, तोंडावर पंजा मारणे, डोक्याला हात लावताच मान फिरवणे ही दुखण्याची चिन्हे आहेत. कुत्रा दातदुखीने कण्हत नाही. तो फक्त हळूहळू खाणे कमी करतो, आणि घरातले म्हणतात, म्हातारा झाला.

येथवरचा प्रश्न कुत्रा आणि त्याचे घर यांच्यापुरता आहे. याच्या पुढचा प्रश्न मात्र गावाचा आहे, आणि तो गंभीर आहे.

पिसाळलेला कुत्रा म्हटला की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर धावत सुटलेला, दिसेल त्याला चावणारा कुत्रा येतो. पण रेबीजचा दुसरा प्रकारही आहे. त्यात कुत्रा धावत नाही. कोपऱ्यात सुन्न बसतो. घशाचे व जबड्याचे स्नायू लुळे पडतात, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणीही गिळता येत नाही. आता वाकड्या जबड्याच्या कुत्र्याचे वर्णन याच्या शेजारी ठेवून पाहावे. तोंड नीट मिटत नाही, जीभ बाहेर, लाळ गळते. दुरून पाहणाऱ्याला या दोहोंतील भेद कळणे कठीण, आणि भीतीने ग्रासलेल्या जमावाला तो करण्याची सवड नसते. घरच्या मुलाबाळांत वाढलेले, कोणालाही न चावलेले जनावर केवळ तोंड वाकडे म्हणून काठ्यांखाली मारले जाण्याचा धोका येथे आहे. ही भीती निराधार आहे असे मात्र कोणी म्हणू नये. जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे 36 टक्के मृत्यू एकट्या भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ हमखास मारतो. लुई पाश्चरने 1885 साली लस शोधली. तिला आता 140 वर्षे होऊन गेली, तरी खेड्यातील माणूस अजून या रोगाने दगावतो. अशा समाजाने लोंबत्या जबड्याला भ्यावे यात नवल नाही. भीतीला ज्ञानाची जोड नसावी, ही खरी अडचण आहे.

भेद ओळखण्याची मुख्य खूण काळाची आहे. जन्मजात किंवा जुन्या मोडीचा वाकडेपणा महिनोन्महिने, वर्षानुवर्षे तसाच असतो. तो कुत्रा खातो, पाणी पितो, माणसे ओळखतो, हाक मारताच येतो. रेबीजचा लोंबता जबडा एकाएकी, दोन-चार दिवसांत उद्भवतो, त्याबरोबर आवाज आणि वागणे बदलते, आणि लक्षणे दिसल्यापासून साधारण दहा दिवसांच्या आत तो कुत्रा मरतो. परंतु या ज्ञानाचा दुसरा भाग मालकांसाठी आहे, आणि तो अधिक कठोर आहे. आमच्या कुत्र्याचे तोंड तसेच आहे, या सवयीच्या समाधानात एखाद्या दिवशी खरा रोग दृष्टीआड होऊ शकतो. नेहमीचा वाकडा जबडा अचानक अधिक लोंबू लागला, कुत्रा पाणी गिळेनासा झाला, तर घशात हाड अडकले असेल असे समजून तोंडात हात घालणे हा जिवाशी खेळ आहे. लाळेतूनच विषाणू येतो. अशा वेळी कुत्र्याला दूर बांधून पशुवैद्यास बोलावणे एवढेच करावे. आणि चावा कोणत्याही कुत्र्याचा असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे. हळद, तिखट, चुना लावू नये. कुत्रा दहा दिवस जगतो की काय हे पाहत लस लांबवू नये.

म्हणूनच ज्याच्या घरी असा कुत्रा आहे, त्याने तिसऱ्या महिन्यापासून त्याला रेबीजची लस टोचून घेणे, पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे ती पुढे चालू ठेवणे, प्रमाणपत्र घरात जपणे आणि गळ्यात ठळक पट्टा बांधणे हे इतरांपेक्षा अधिक कटाक्षाने केले पाहिजे. पट्टा म्हणजे कुत्र्याचे संरक्षणपत्र. शेजारपाजारच्या चार घरांना, दूधवाल्याला, शाळेत जाणाऱ्या मुलांना त्याचे तोंड जन्मापासून असेच आहे हे सांगून ठेवणे, ही तर फुकटची खबरदारी. कायदा कुत्र्याच्या बाजूचा आहे, असे वाटून मात्र कोणी स्वस्थ बसू नये. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा पहिल्या अपराधाला 10 ते 50 रुपयांचा दंड सांगतो. आज नाक्यावर दोघांचा चहा-नाश्ताही तेवढ्यात होत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये जनावर मारणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे खरी. परंतु जमावाने कुत्रा मारल्याची फिर्याद द्यायला कोण जाणार, आणि कोणाविरुद्ध?

जेथे खेड्यातला वाकडा जबडा दगड खातो, तेथे शहरातला वाकडा जबडा हजारो रुपये मोजून विकत घेतला जातो, हा विरोधाभासही नमूद केला पाहिजे. चपट्या तोंडाचे पग, बुलडॉग, बॉक्सर या जातींत खालचा जबडा पुढे असणे हे पिढ्यान्पिढ्या निवड करून माणसाने मुद्दाम घडवले आहे. 2003 साली एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलामागे धावणारा पग दिसला आणि देशभर त्या पिलांना मागणी आली. श्वास घेताना घरघरणाऱ्या, उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या त्या कुत्र्याला मराठवाड्याचा मे महिना कसा सोसावा, याचा विचार जाहिरात पाहणाऱ्याने करण्याचे कारण नव्हते. नेदरलँड्सने 2019 पासून अशा अतिचपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर कडक निकष लावले. आपल्याकडे 2017 साली कुत्र्यांच्या पैदाशीसंबंधी केंद्राने नियम केले. पैदास करणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांखालील पिलू विकता कामा नये, असे त्यांत आहे. नियम चांगले आहेत. ते पाळले जातात की नाही हे कोणत्याही शहरात रस्त्याकडेला पिलांच्या पेट्या घेऊन उभ्या असलेल्यांना विचारावे. कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे तर जगातील सर्वांत कुरूप कुत्र्याची स्पर्धा कित्येक वर्षे भरत आली. त्यांतील पुष्कळसे कुत्रे टाकून दिलेले, कोणी तरी उचलून वाढवलेले असत, एवढे त्या तमाशाचे समर्थन करता येईल. ज्याचा जबडा आनुवंशिक कारणाने वाकडा आहे, त्याची पुढे पैदास होऊ नये, त्याची नसबंदी करावी, हे मात्र गावठी आणि विलायती दोघांनाही लागू आहे.

या साऱ्यावर एक आक्षेप हमखास येईल. माणसांना दातांचा डॉक्टर मिळत नाही तेथे कुत्र्याच्या दातांची चर्चा कशाला? आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. मराठवाड्यातील पशुवैद्यकीय दवाखान्यांचे पहिले कर्तव्य गाय, बैल आणि म्हशीशी आहे. 2022 साली लम्पीच्या साथीत जनावरे पटापट दगावू लागली, तेव्हा पशुवैद्यांनी कुत्र्यांचे दात पाहावेत अशी अपेक्षा कोणी केली नसती. मुंबईत महालक्ष्मी येथे 2024 साली टाटा न्यासाचे लहान प्राण्यांसाठीचे भव्य रुग्णालय उभे राहिले. तसले काही हिंगोलीत व्हावे अशी मागणी येथे नाही. पण मागणी ज्या गोष्टींची आहे त्यांना रुग्णालय लागत नाही. लस टोचायला आणलेल्या पिलाचे ओठ बोटाने वर करून अर्धा मिनिट दात पाहणे, रुतणारा सुळा दिसला तर मालकाला सांगणे, आणि ते लसीच्या कार्डावर दोन शब्दांत लिहिणे. परभणी येथे 1972 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गुंतागुंतीचा रुग्ण तेथे पाठवता येतो. मात्र तो पाठवला पाहिजे हे नाक्यावरच्या माणसाला कोणी तरी सांगावे लागते.

याच हिंगोली जिल्ह्यात नरसी आहे. परंपरा हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानते, आणि कुत्र्याने भाकरी पळवल्यावर ती त्याने कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावलेल्या नामदेवांची कथा शाळेच्या पहिल्या इयत्तांपासून मुलांच्या कानांवर पडते. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाबरोबर कुत्रा. देवघरातील तसबिरीत कुत्र्याला जागा आहे, अंगणात मात्र त्याला दगड. कथा सांगताना सारा भर नामदेवांच्या भक्तीवर दिला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु कोरडी भाकरी कुत्र्याला गिळवत नाही, हे त्या कथेतले निरीक्षण कीर्तनाच्या रंगात सहसा निसटून जाते.

पुढच्या वेळी गावात रेबीज लसीकरणाचे शिबिर लागेल तेव्हा शाळेतील शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना तेथे नेऊन उभे करावे. कुत्र्याचे पुढचे दात कात्रीसारखे कसे बसतात ते पशुवैद्याने त्यांना एका शांत, बांधलेल्या कुत्र्याच्या तोंडावर दाखवावे, आणि गावात वाकड्या जबड्याचे कुत्रे कोणाकोणाच्या दारी आहेत, त्यांना लस झाली आहे का, याची यादी मुलांनी घरोघर विचारून करावी. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला एक कागद आणि चार टाचण्या पुरतील.